कर्जाला मत नाही, शेअरला आहे: बेळगावातल्या एका निवेदनाचं प्रकरण

बेळगावच्या दक्षिण भागातल्या एका नागरिक गटाने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नव्या योजनेविषयी निवेदन लिहायला घेतलं. पंधरा-वीस माणसं, बहुतेक निवृत्त. बसायची जागा म्हणजे गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची खोली. मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: ‘जागतिक बँकेने महापालिकेला दिलेले कर्ज आम्हा नागरिकांना न विचारता मंजूर झाले असून ते रद्द करावे.’ वाक्य ऐकायला जोरदार होतं, पण त्यात तीन घोळ होते आणि तिन्ही मोठे. बँकेने कर्ज महापालिकेला दिलेलं नव्हतं. अशा एकेका कर्जासाठी लोकप्रतिनिधींचं मत घ्यावं अशी तरतूद आपल्या घटनेत नाही. आणि ज्या बँकेला परकी म्हणून हिणवलं जात होतं तिच्या भांडवलात भारताचा पैसा आहे. तो देताना मात्र मत घ्यावंच लागतं.

निवेदन शेवटी गेलं, पण वेगळ्या पत्त्यावर आणि वेगळी मागणी घेऊन. मधे काय घडलं त्याची ही नोंद.

पाणी आणि डॉलर

बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं. शहराची जुनी रड होती ती वाटपाची. नळ काही दिवसांआड यायचा, तोही रात्री-अपरात्री, आणि मग घरात जे भांडं रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं. ८ एप्रिल २००४ रोजी जागतिक बँकेने कर्नाटकातल्या शहरी पाणीपुरवठा सुधारणेसाठी ३ कोटी ९५ लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्या वेळच्या दराने पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या ठिकाणच्या निवडक भागांत चोवीस तास पाणी देऊन दाखवायचं, असा तो प्रयोग. आपल्याकडे ५८ पैकी १० वॉर्ड त्यात आले. चालवायचं काम व्हिओलिया या फ्रेंच कंपनीकडे होतं, त्यामुळे ‘पाण्याचं खासगीकरण’ म्हणून विरोधही झाला. पण त्या वॉर्डांत पाणी चोवीस तास आलं, मीटर बसले, बिल वापरावर आलं. उरलेल्या ४८ वॉर्डांतली माणसं पाहुण्यांकडे गेली की आधी नळ सोडून बघायची.

(२००४ म्हटलं की बेळगावच्या मराठी माणसाला सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा आठवतो, कारण महाराष्ट्राने तो त्याच साली दाखल केला. त्या गडबडीत कर्जाचा करार कुणाच्या ध्यानात राहिला असेल असं वाटत नाही.)

२०१६ मध्ये बँकेने दुसरं कर्ज मंजूर केलं, १० कोटी डॉलरचं. चोवीस तास पाणी आता शहरभर न्यायचं होतं. निवेदनाचं निमित्त हे दुसरं कर्ज. गटातल्या एका काकूंनी दाखवायला म्हणून प्रयोगाच्या वॉर्डात राहणाऱ्या लेकीचं पाणीबिल आणलं होतं. त्यावर बोटाने रकमेखाली रेघ मारून त्या म्हणाल्या, “हे फेडायचं कुणी? आमीच की!”

तिथून वादाला तोंड फुटलं. एक बाजू म्हणे, परदेशी बँक आमच्या नळावर बसली. दुसरी म्हणे, बँकेत भारताचेही शेअर आहेत, म्हणजे आमचाच पैसा आम्हाला व्याजाने देतात. दोन्ही बाजूंकडे एकही कागद नव्हता.

माहितीचा अर्ज

गटाने स्थानिक कार्यालयात माहितीचा अर्ज टाकला: कर्जाचा करार कुणाकुणात झाला, त्याला कोणत्या सभागृहाने मंजुरी दिली? अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली पुढच्या कार्यालयाकडे वर्ग झाला, तिथून आणखी पुढे. उत्तर कन्नडमध्ये आलं. गटातल्या कॉलेजच्या सरांनी ते वाचून दाखवलं, सोबतची इंग्रजी पानंही. त्यातून एवढं स्पष्ट झालं की कर्जाच्या करारावर सही आहे ती भारत सरकारची. बँकेचा राज्याशी आणि योजना राबवणाऱ्या महामंडळाशी झालेला करार वेगळा, तो काम कसं करायचं याचा. महापालिका या साखळीत अगदी शेवटी उभी.

हे असंच असायला हवं होतं. घटनेच्या २९३व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याला कर्ज काढता येतं ते भारताच्या हद्दीतच. वॉशिंग्टनहून कर्ज आणायचं तर ते केंद्राने आणायचं आणि राज्याला पुढे द्यायचं. केंद्राचा कर्ज काढण्याचा अधिकार २९२व्या अनुच्छेदातला. संसद कायदा करून त्याला मर्यादा घालू शकते, पण एकेक कर्ज सभागृहापुढे मताला येत नाही.

फेडीचं काय? इथे सरांनी घटनेची प्रत उघडली. ११२व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राच्या डोक्यावरच्या कर्जाचं व्याज आणि मुद्दलाची परतफेड हा ‘भारित’ खर्च. ११३वा अनुच्छेद सांगतो की भारित खर्च मताला टाकायचाच नाही. चर्चा करायला बंदी नाही, एवढंच. राज्याच्या विधिमंडळातही तोच नियम, २०२ आणि २०३ या अनुच्छेदांनी. म्हणजे बेळगावातल्या पाइपचं कर्ज येताना मत नाही आणि जाताना, दोन्ही पायऱ्यांवर, मत नाही.

खोलीत जरा शांतता झाली. मग गटातले आप्पा बोलले.

आप्पांचा हिशेब

आप्पा एका पतसंस्थेचे निवृत्त सचिव. शेअर कपात, वसुली, ऑडिट यांत हयात गेलेली. त्यांनी पाटीवर दोन बाण काढले, एक जाणारा, एक येणारा. “सोसायटीत कर्ज मागायला आलात तर आधी काय करता? सभासद होता. शेअर घेता. कर्जाला संचालक मंडळ बसतं, सगळी सभा नाही. पण सोसायटीने दुसऱ्या संस्थेचे शेअर घ्यायचे म्हटलं, की तो पैसा सभासदांचा जातो. तिथं हिशेब मागता येतो.” जागतिक बँकेकडे याच नजरेनं बघायचं असं त्यांचं म्हणणं: देश सभासद, देशाचे शेअर, आणि जेवढे शेअर जास्त तेवढं मत जड.

ही तुलना बरीच पुढेपर्यंत टिकते. भारत या सोसायटीचा मूळचा सभासद. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. भारताच्या वाट्याला ४० कोटी डॉलरचे शेअर आले. सगळे रोख भरायचे नव्हते. २ टक्के सोनं किंवा डॉलर, १८ टक्के स्वतःच्या चलनात, आणि उरलेले ८० टक्के बँक कधी अडचणीत आलीच तर मागणी झाल्यावर. ही मागणी बँकेने आजवर कधी केलेली नाही. पण मागे एवढे जामीनदार उभे आहेत म्हणूनच तिचे रोखे बाजारात सर्वांत वरच्या पतीचे मानले जातात.

‘आमचाच पैसा आम्हाला व्याजाने’ हे म्हणणं इथे अर्धंच खरं ठरतं. बेळगावला आलेले डॉलर भारताच्या शेअरचे नव्हेत. बँक रोखे विकून जगभरच्या बाजारातून पैसा उचलते आणि कर्जाने देते. सभासदांनी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत रोख भरलेलं भांडवल सुमारे २० अब्ज डॉलरच्या घरातलं, कर्जवाटप त्याच्या कितीतरी पट. शेअरचा उपयोग पत उभी करायला होतो. स्वस्त दर मिळतो तो त्या पतीमुळे. आप्पांनी हे मान्य केलं आणि पाटीवर तिसरा बाण काढला, बाजारातून बँकेकडे.

पहिला शेअर मात्र विचारून घेतलेला नव्हता. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने वटहुकूम काढून भारताला नाणेनिधी आणि बँकेत बसवलं. तोच आजचा ‘इंटरनॅशनल मॉनेटरी फंड अँड बँक अॅक्ट, १९४५’. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. घटना आल्यावर चित्र बदललं. १९६६ चा ‘एशियन डेव्हलपमेंट बँक अॅक्ट’ बघितला तर त्यात सरळ लिहिलं आहे की बँकेची वर्गणी भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून द्यायची, पण संसदेने कायद्याने विनियोजन केल्यानंतरच, म्हणजे तो पैसा काढायला मंजुरी दिल्यावरच. घटनेच्या ११४व्या अनुच्छेदाचाच तो पडसाद: विनियोजनाच्या कायद्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. शेअरची रक्कम भारित खर्चाच्या यादीत नाही. ती अनुदानाच्या मागणीत, म्हणजे मंत्रालयाने लोकसभेकडे मागितलेल्या खर्चात येते, तिथे मताला पडते, मग विनियोजन विधेयकात जाते.

म्हणजे आप्पांच्या तीन बाणांपैकी एकाच बाणावर लोकसभेचं फाटक आहे, जाणाऱ्या. गट इतके आठवडे येणाऱ्या बाणापाशी घोषणा देत उभा होता.

लेखाशीर्ष ५४६६

पुढच्या बैठकीला सरांनी केंद्रीय अर्थसंकल्पाची पानं झेरॉक्स करून आणली. अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक कार्य विभागाची मागणी, भांडवली बाजू, मुख्य लेखाशीर्ष ५४६६: आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्थांमधली गुंतवणूक. बारीक टायपातले रकाने. गेल्या सालचा प्रत्यक्ष खर्च, अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या सालचा अंदाज. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी ओळीखाली धरली आणि सोसायटीचं खातं तपासावं तसं आडवं वाचत गेले.

इथे एक गोष्ट सगळ्यांना नवी होती. या शीर्षाखाली एकटी जागतिक बँक नसते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत भारताने ८३,६७३ शेअर घेतले, एक शेअर एक लाख डॉलरचा. एकूण ८३६ कोटी ७३ लाख डॉलर, त्यातले १६७ कोटी ३५ लाख पाच हप्त्यांत रोख, बाकीचे मागणी झाली तर. चीननंतर तिथला दुसरा मोठा सभासद भारत. ब्रिक्स देशांच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेत भारताचा हिस्सा १० अब्ज डॉलरचा, रोख २ अब्ज, तोही हप्त्यांनी. आशियाई विकास बँक आहेच. तिने २००९ मध्ये भांडवल तिप्पट केलं, ५५ अब्जांवरून १६५ अब्ज डॉलर. उत्तर कर्नाटकातल्या शहरांच्या गटारी-पाण्यासाठी २००६ मध्ये २७ कोटी डॉलरचा जो कार्यक्रम ठरला तो याच बँकेचा. म्हणजे बेळगाव विभागातल्या माणसाचा संबंध एकाच नव्हे, निदान दोन बँकांशी लागतो, आणि दोन्हींच्या शेअरची वाट एकाच लेखाशीर्षातून जाते.

सगळा पैसा रोख जातो असंही नाही. वर्गणीचा जो भाग रुपयांत द्यायचा त्याच्यासाठी सरकार बिनव्याजी रोखे लिहून देतं आणि ते रिझर्व्ह बँकेकडे राहतात. बँकेला लागेल तेव्हा ते वटतात. आप्पांना ही युक्ती फार आवडली. आपल्या संस्थेत कुणी असा शेअर भरला असता तर ऑडिटरने ‘ड’ वर्ग दिला असता, असं ते म्हणाले.

मग साहजिक प्रश्न आला: या ओळीवर लोकसभेत कधी बोललं जातं का? बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिन लावून, म्हणजे वेळ संपली की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकून, एका दमात मंजूर होतात. (या बैठकीनंतर, १४ मार्च २०१८ रोजी, लोकसभेने त्या सालच्या सगळ्याच मागण्या अशा उरकल्या.) फाटक आहे, पण ते उघडंच टाकलेलं.

बाहेरच्या देशांत हेच काम कसं चालतं ते सरांनी थोडक्यात सांगितलं. अमेरिकेच्या १९४५ च्या ब्रेटन वुड्स कायद्यात पाचवं कलम आहे: काँग्रेसने कायद्याने परवानगी दिल्याशिवाय अध्यक्षाला बँकेचे जादा शेअर घेता येत नाहीत. परवानगी वेगळी, पैशाची तरतूद वेगळी, आणि दोन्ही ठिकाणी सदस्य अटी घालून घेतात. ब्रिटनमध्ये २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्याखाली मोठ्या वर्गणीचा आदेश मसुदा म्हणून कॉमन्सपुढे ठेवावा लागतो आणि सभागृहाने ठराव करावा लागतो. आपल्याकडे मंत्रिमंडळ ठरवतं, आणि मग ती रक्कम शेकडो ओळींतली एक ओळ होऊन अर्थसंकल्पात येते. माझ्या मते आपली पद्धत वाईट नाही, पण ती खासदाराच्या जागरूकतेवर पूर्ण विसंबलेली आहे. वर्गणीचा विषय स्वतःच्या पायाने सभागृहात येत नाही, कुणीतरी तो हाताला धरून आणावा लागतो.

दोन कर्जांतला फरक

निवेदनात शेवटी न आलेला, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा वेगळाच. २००४ चं कर्ज मंजूर झालं तेव्हा केंद्राची पद्धत होती की परदेशी कर्ज राज्याला द्यायचं ते रुपयांत, सर्वसाधारण राज्यांना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान म्हणून. डॉलर महागला तर झळ केंद्राला. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २००५ पासून नव्या योजनांसाठी हे बदललं. आता बँकेच्या अटी जशाच्या तशा राज्याला: तोच व्याजदर, तीच मुदत, आणि डॉलर चढला तर तोही भार राज्याचा. २०१६ चं कर्ज या नव्या पद्धतीचं. २००४ मध्ये डॉलर ४४-४५ रुपयांच्या आसपास होता, २०१६ मध्ये ६७ च्या घरात. काकूंच्या ‘फेडायचं कुणी’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर या बदलात आहे, आणि तो बदल नळ बसवणाऱ्या कुठल्याही कार्यालयात झालेला नाही.

गटाने हे वगळलं कारण पत्र लांबत होतं. मी वगळलं नसतं.

पत्ता कुणाचा

ठरलं असं की मागणी येणाऱ्या कर्जाबद्दल करायची नाही, जाणाऱ्या शेअरबद्दल करायची, आणि ती खासदारांकडे. इथे सीमाभागातली एक गंमत आडवी आली. गटातले बहुतेक बेळगाव लोकसभा मतदारसंघातले. पण दोघे खानापूर तालुक्यातले मतदार, आणि खानापूर लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतं. निपाणीहून येणाऱ्या एकाचा मतदारसंघ चिकोडी. एकच निवेदन तीन खासदारांना द्यावं लागलं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन प्रती झाल्या. कन्नड प्रत आधी जोडायची की मराठी यावर अर्धा तास गेला. बेळगावात तो जातोच.

अंतिम मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा:

‘केंद्रीय अर्थसंकल्पातील मुख्य लेखाशीर्ष ५४६६ खाली या वर्षी कोणत्या बहुराष्ट्रीय विकास बँकेस किती रक्कम दिली जाणार आहे, त्यातील जुन्या हप्त्यांची किती व नव्याने घेतलेल्या भागभांडवलाची किती, मागणी झाल्यास भारतास भरावी लागणारी एकूण रक्कम किती, तसेच या बँकांच्या कर्जातून चालू असलेल्या नागरी पाणीयोजनांतील दरवाढीबाबत भारताच्या प्रतिनिधीने संचालक मंडळात काय भूमिका घेतली, हे आपण सभागृहात विचारावे. उत्तर समाधानकारक नसल्यास आपण या मागणीवर कपात सूचना द्यावी.’

शेवटचं वाक्य आप्पांचं. कपात सूचना म्हणजे सरकार पाडणं नव्हे; १०० रुपयांची नाममात्र कपात सुचवूनही एखाद्या तक्रारीवर बोलता येतं. गिलोटिनमध्ये तीही वाहून जाते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी अर्थविषयक स्थायी समितीलाही प्रत पाठवायला लावली. १९९३ पासून मागण्यांची छाननी या समित्या करतात, आणि तिथे गिलोटिन नसतं. भारताच्या प्रतिनिधीविषयीची ओळ सरांची. जागतिक बँकेच्या संचालक मंडळात भारताचा संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेच्याही वतीने बसतो. तो काय बोलतो हे आपल्याकडे क्वचितच कुणी विचारतं.

सगळ्यांनी सह्या केल्या, एकाने सोडून. तो नळ फिटर, प्रयोगाच्या वॉर्डांत पाइप जोडायला राबलेला. त्याचं म्हणणं, “शेअर दिल्लीत, मत दिल्लीत. आमच्या गल्लीत खोदून ठेवलेला रस्ता खासदार येऊन बुजवणार काय?” त्याने रस्त्याच्या तक्रारीचा वेगळा अर्ज केला, फक्त नगरसेवकाच्या नावे, अर्ध्या पानाचा. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. गटातल्या सात-आठ जणांनी त्याही अर्जावर सही केली, आप्पांनीसुद्धा.

तीनपैकी एका खासदारांच्या कार्यालयातून फोन आला. विचारणा एवढीच: प्रश्न तारांकित हवा की अतारांकित? सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा लवकर कळवा. सरांना तारांकित हवा होता, कारण मंत्र्याला सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. आप्पा अतारांकितवर अडून बसले. तारांकित प्रश्न वर लागला नाही तर उपप्रश्नाची संधी हुकतेच, आणि तोंडी उत्तरात भाषण फार मिळतं. अतारांकितला लेखी उत्तर येतं, सोबत तक्ता येतो, आणि बँकवार आकडे तक्त्यातच असतात. मतदान झालं. अतारांकितच्या बाजूने हात जास्त वर आले.